रविवारचा डबा

पुणे,
२० जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम.

सुखरूप पोचले. तू दिलेल्या चटणीचं तेल बॅगेत सांडलं, त्यामुळे माझ्या सगळ्या वह्यांना आता तुझ्या स्वयंपाकघराचा वास येतो. कॉलेजातली मुलं विचारतात, मॅडम, काय आणलंत?

डब्यांचं पुन्हा एकदा सांगते, कारण मी समजावत होते तेव्हा तू मान हलवत होतीस, पण लक्ष सगळं शेळीकडे होतं. चहापत्तीचे हे डबे मी आतून काळे केलेत आणि प्रत्येकात फोटोचा कागद बसवलाय. डबा हाच कॅमेरा. त्याला भिंग नाही, बटण नाही. सुईच्या टोकाएवढं एक भोक आहे आणि त्यावर काळी पट्टी. दर रविवारी सकाळी एक डबा विहाराच्या कुंपणाच्या खांबाला तारेने बांधायचा, भोक आपल्या ओट्याकडे करायचं आणि पट्टी काढायची. दिवस मावळला की पट्टी लावून वर तारीख लिहायची. झाकण उघडायचं नाही, कितीही मन झालं तरी. दोन-तीन साठले की बोरीच्या पोस्टातून पाठवून दे.

यातून काय मिळणार, असं तू विचारलंस तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. आपला फोन एक क्षण पाहतो. डबा दिवसभर पाहतो. त्याच्या कागदावर सूर्य गोल नसतो, आभाळावर ओढलेली जाड पांढरी रेघ असतो. सावल्या दोन्ही बाजूंना पडतात. रोजचाच ओटा, रोजचाच लिंब, पण स्वप्नात पाहिल्यासारखे. जूनमध्ये इथल्या एका छोट्या दालनात प्रदर्शन आहे. त्यासाठी एक ओळ सुचलीय: ‘डबा दिवसभर पाहतो आणि काहीच विसरत नाही.’ कशी वाटते?

उत्तर पत्रानेच दे. तुझ्या फोनचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जातो.

तुझी,
अपेक्षा


११ फेब्रुवारी २०२५

चि. अपेक्षास,
जय भीम व अनेक आशीर्वाद.

तीन डबे पाठवले आहेत. पोस्टातल्या माणसाने हलवून पाहिलं, म्हणाला, चहा वाटत नाही. मी म्हटलं, ऊन आहे आत. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शिक्का मारला.

तीस वर्षं अंगणवाडी चालवली, पण माझ्या दारात एवढी गर्दी कधी झाली नव्हती. कोणी म्हणतं बाँब, कोणी म्हणतं सीसीटीव्ही. महारुद्र मोटारसायकल थांबवून म्हणाला, “बाई, ग्रामपंचायतीची परवानगी घेतली का?” सरपंच त्याची बायको, पण कारभार सगळा तोच बघतो, तुला माहीतच आहे. मी म्हटलं, “चहाच्या डब्याला कशाची परवानगी? तुमी चहा पिताना घेता का?” हसला बापडा. हसायला लावणं भाग आहे. आपल्या सुनेने, मनिषाने, अंगणवाडी मदतनीस म्हणून अर्ज केलाय, आणि तिच्या रहिवासी दाखल्याचा कागद त्याच्याच टेबलावर पडून आहे. सिद्धोधन परभणीहून रोज फोन करून विचारतो, आई, सही झाली का. लग्न झाल्यापासून त्याला एवढी घाई कशाची झालेली मी पाहिली नाही.

सगळ्यात खुळा झालाय तो मुंजाजी, आपला पाणी सोडणारा. रविवारी वॉल फिरवून झाला की तेल लावून, भांग पाडून येतो आणि ओट्यावर बसतो. “बाई, म्या यीन का त्यात?” मी म्हटलं, “भांग येईल, तुमचं सांगता येत न्हाई.”

तुझी ओळ चांगली आहे. जो विचारील त्याला मी तीच सांगते.

तुझी आत्या,
सगुणा


पुणे,
२६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
जय भीम.

सोबतचा फोटो आधी बघ, मग पुढचं वाच.

पाहिलंस? तुझ्या शेळीला दोन तोंडं आलीत. अर्धा दिवस ती एका अंगावर बसली आणि अर्धा दिवस दुसऱ्या. मधलं पोट धुरासारखं झालंय. लिंब, ओटा, दार अगदी ठळक आहेत. तू मात्र कुठेच नाहीस. दिवसभर तू आत-बाहेर केलं असशील, झाडलं असशील, सडा टाकला असशील. कागदाला तू दिसलीच नाहीस. मी हा फोटो वर्गात दाखवला तेव्हा मुलं जागेवरून उठून जवळ आली. आपलं रोजचं जग किती अद्भुत आहे, हे सांगायला मी इतकी वर्षं महागड्या भिंगांच्या मागे का पळत होते, कळत नाही.

नियम सोपा आहे. जो बसेल तो राहील, जो चालेल तो जाईल. मुंजाजीकाकाला सांग, भांग राहू दे, स्वस्थ बसायला शिक. बसलास तर येशील.

अपेक्षा


१२ मार्च २०२५

चि. अपेक्षास,
जय भीम.

सोबत एकच डबा आहे, ९ मार्चच्या रविवारचा. तो आधी धू. बाकीचं सगळं बाजूला ठेव.

रविवारी दुपारी गावाच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली. खोलीचं कुलूप फोडलेलं नाही, किल्लीने उघडलेलं आहे. किल्ली मुंजाजीकडे असते. गावाला तीन दिवस पाणी नाही आणि बायका त्याच्या नावाने बोटं मोडायल्यात. महारुद्र सगळ्यांदेखत म्हणाला, “दुसऱ्या कुणाकडं किल्ली हाय, सांगा.” खरं तर एक किल्ली ग्रामपंचायतीत खिळ्याला टांगलेली असते, पण ते कुणी बोललं नाही.

मुंजाजी एवढंच म्हणाला, “म्या दुपारभर बाईच्या ओट्यावर व्हतो.”

“कुणी पाह्यलं?”

त्याने मान खाली घातली. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात माणसाला काम निघतच असतं, कोण कधी कुठे असतं ते काय लिहून ठेवतं का कोणी? मी म्हटलं, “मला काय विचारता? डबा व्हता की समोर. डबा दिवसभर पाहतो आणि काहीच विसरत न्हाई. जो बसंल तो येतो. शेळी आली, तर माणूस येणार न्हाई का?” शेळीचा फोटो गावात सगळ्यांनी पाहिलेला. पटलं लोकांना.

महारुद्रने त्याची किल्ली काढून घेतलीय. फोटो येईपर्यंत थांबतो, मग पोलिसात देतो म्हणाला. मुंजाजी रोज एकदा येतो आणि रस्त्यावरूनच विचारतो, “आला का वं बाई?”

लवकर पाठव.

आत्या


पुणे,
२५ मार्च २०२५

ती. आत्यास,
जय भीम.

फोटो सोबत आहे. ओट्याच्या डाव्या अंगाला मुंजाजीकाका बसलाय, गुडघ्यांवर हात ठेवून. बराच वेळ स्वस्थ बसलेला दिसतो, त्यामुळे नीट आलाय. शंका घ्यायला जागा नाही.

तू नेमकी त्या वेळी घरात नसशील, बोरीला गेली असशील, म्हणून बिचाऱ्याला कुणी साक्षीदार मिळाला नाही, असं मी समजले. आता त्याची गरजही नाही.

गावात दाखवून झाला की फोटो तुझ्याकडेच ठेव. फार हातांत फिरवू नकोस, आणि फोनवर त्याचे फोटो काढू देऊ नकोस. कागद नाजूक असतो.

यंदा जयंतीला येणं जमेलसं वाटत नाही. प्रदर्शनाचं काम फार आहे.

अपेक्षा


१७ एप्रिल २०२५

चि. अपेक्षास,
जय भीम.

जयंती जोरात झाली. मिरवणुकीत मनिषा लेझीम खेळली, मी नुसती चालले. सगळे विचारत होते, डब्यावाली का आली नाही? तुला यंदा पुढे चालवणार होते.

फोटो ग्रामपंचायतीत दाखवला. महारुद्रने तो सरळ धरला, उलटा धरला, उजेडात धरला, शेवटी टेबलावर ठेवला आणि किल्ली काढून दिली. मुंजाजीने फोटो हातात घेतला आणि लय वेळ पाहिला. “येवढा ठळक व्हतो व्हय म्या?” म्हणाला. मला वाटलं खूश होईल. तो फोटोवरून नजर उचलून माझ्याकडे बघायला लागला, आणि मी पदर सारखा करत बाहेर आले.

मनिषा कालपासून माहेरी गेलीय, म्हणून आज लिहिते.

त्या रविवारी मी बोरीला गेले नव्हते. मी ओट्यावरच होते. मुंजाजी डाव्या अंगाला बसला होता आणि मी उजव्या अंगाला सुपात गहू निवडत होते. जेवणवेळेपासून ते उन्हं कलेपर्यंत. तो लेकीच्या बाळंतपणाचं सांगत होता. मी दोनदा चहा केला. त्याच्या गल्लीतून आपल्या ओट्यावर बसून चहा पिणारा तो एकटाच माणूस आहे, आणि त्याबद्दल त्याला त्याचे लोक काय काय बोलतात ते तो मला हसून सांगतो.

कुणी पाह्यलं, असं महारुद्रने विचारलं तेव्हा ‘म्या पाह्यलं’ एवढं म्हणायचं होतं. दाखला त्याच्या टेबलावर होता. मी डब्याकडे बोट दाखवलं. मुंजाजीनेही माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, डबा बोलेलच, मग माझं तोंड कशाला खराब करू. त्याची सुटका होईल आणि माझी सहीपण.

मी खोटं काही बोलले नाही. पण सकाळी विहारात पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलापाशी आले की आवाज निघत नाही. शेजारची कडूबाई विचारते, घसा बसला का?

आता जे विचारायचं ते विचारते. फोटो आला त्या दिवसापासून मी त्यात स्वतःला शोधायलेय. चष्मा लावून पाहिला, उन्हात नेऊन पाहिला. मुंजाजी आहे. माझ्या जागी भिंत आहे. कोरी, स्वच्छ. मी त्याच्याइतकाच वेळ बसले होते, त्याच्याहून कमी हलले होते. तुझा नियम मला पाठ आहे. मग मी का नाही?

मला वाटतं डब्याने बरोबर केलं. जिने गवाही दिली नाही, तिला त्याने ठेवलंच नाही. पण तू शिकलेली आहेस. असं होतं का गं?

सगुणा


पुणे,
२३ एप्रिल २०२५

आत्या,

असं होत नाही. डब्याने तुला ठेवलं होतं. मी काढलं.

कागद धुतला तेव्हा ओट्यावर माणूस दिसेल असं काही नव्हतं. सबंध दिवसातले दोन-तीन तास त्या कागदाला पुरत नाहीत. हे मला आधीपासून माहीत होतं. ‘बसलास तर येशील’ हे मी लिहिलं, कारण वाक्य छान झालं होतं. भिंतीच्या सावलीत दोन फिकट डाग तेवढे होते, एक डावीकडे, एक उजवीकडे, श्वास पडून काच धुरकट होते तसे.

मी ते डाग पाहत बसले. डावा डाग मुंजाजीकाका असणार, कारण तो तिथे बसायचा. पण हा माणूस आहे, असं मी सांगितलं तर महारुद्र हसेल, हे दिसत होतं. जानेवारीत मी त्याचा एक साधा फोटो काढला होता, आपल्याच ओट्यावर, गुडघ्यांवर हात ठेवलेला. तो मी त्या डागावर बसवला. हे माझं रोजचं काम आहे आत्या, मुलांना मी हेच शिकवते. आपण त्याला प्रयोग म्हणतो. दुपारभरही लागलं नाही.

उजवा डाग नको वाटला. एका माणसाची गोष्ट सांगायची होती आणि तो मध्ये येत होता. मला वाटलं, कागदावर पाणी सुकलंय. मी तो पुसला आणि त्यावर भिंतीचा तुकडा चिकटवला. तू जी कोरी, स्वच्छ भिंत पाहतेस, ती मी केलेली आहे.

तुला एक फोन करून मी विचारू शकत होते, त्या दुपारी ओट्यावर आणखी कोण होतं? विचारलं नाही. तू बोरीला गेली असशील, असं मीच ठरवलं, कारण तसं असेल तर माझं काम सोपं होत होतं. तीन महिने मी तुझ्या दाराचे फोटो काढतेय आणि त्या दारात काय चाललंय हे एकदाही विचारलं नाही. जयंतीला काम होतं म्हणून आले नाही, हेही खरं नव्हतं. मला मुंजाजीकाकाच्या समोर उभं राहायचं नव्हतं.

खरा फोटो सोबत आहे. उजवीकडचा डाग तू आहेस. नीट पाहिलंस तर मांडीवर काहीतरी गोल आहे. ते सूप असावं.

तो बनवलेला फोटो गावात राहू देणं बरोबर नाही, आणि तो खोटा आहे म्हटलं तर मुंजाजीकाका पुन्हा चोर ठरेल. मी एक मेच्या ग्रामसभेला येते आणि उभी राहून सगळं सांगते. प्रदर्शनातून हा फोटो काढून टाकलाय.

मला रागाव, पण उत्तर दे.

अपेक्षा


४ मे २०२५

चि. अपेक्षास,
जय भीम.

तू गाडीत बसायच्या आधी फोन करून तुला नको म्हटलं, त्याचा तुला राग आला असेल. तू उभी राहिली असतीस तर मी पुन्हा बसून राहिले असते, म्हणून नको म्हटलं.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. झेंडा झाला, मागच्या सभेचं वाचून झालं, मग मी उठले. बायकांत बसले होते, तिथूनच बोलले. म्हटलं, “मुंजाजीचा जो फोटो आला तो बनवलेला हाय. आमच्या पोरीनं बनवला. डबा माणसाला वळखत न्हाई.”

एकच गलका झाला. महारुद्र खुर्चीतून उठला. “म्हंजी चोरच हाय की मग! म्या काय म्हनत व्हतो?”

“न्हाई,” मी म्हटलं. “तो माझ्या ओट्यावर व्हता, दुपारभर. मी त्याच्याजवळ गहू निवडायले व्हते. माझ्या डोळ्यांनी पाह्यलंय.”

“आन् आजपत्तोर तोंडात काय धरलं व्हतं बाई?”

“तुमची सही,” मी म्हटलं.

मागून एक बाई हसली, मग दुसरी. मला हसायचं नव्हतं. कडूबाईने खालून माझं लुगडं धरून ठेवलं होतं, मी पडेन म्हणून.

आश्रुबा म्हातारा म्हणाला, मुंजाजीलाच विचारा. मुंजाजी पार मागे, भिंतीला टेकून उभा होता. त्याला विचारलं, बाई होत्या का? त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्या वेळात मला वाटून गेलं, हा आता नाही म्हणाला तर मला काही बोलता येणार नाही.

“व्हत्या,” म्हणाला. “गहू निवडायल्या व्हत्या.”

“मग नाव का न्हाई घेतलं त्यांचं?”

“त्येंचं त्येंनी सांगायचं. म्या कसं सांगू?”

किल्ली त्याच्याकडेच राहिली. पाण्याचं बायकांच्या हातात असतं आणि त्या बोलल्या. मुंजाजी असताना एक दिवस नळ चुकला नाही, म्हणाल्या. ग्रामपंचायतीतल्या खिळ्यावरच्या किल्लीचं कडूबाईने विचारलं, तेव्हा महारुद्रने पुढचा विषय घेतला. केबल कोणी नेली ते कळलेलं नाही आणि आता कळेल असं वाटत नाही.

दाखल्यावर सही झालेली नाही. मुदत उद्या संपते. मनिषा माझ्याशी कामापुरतं बोलते. तिचं चुकत नाही. सिद्धोधन म्हणाला, “आई, आणखी चार दिवस थांबली असतीस तर काय झालं असतं?” तो चांगला पोरगा आहे. मीपण त्याला हेच शिकवलं असणार, कधीतरी, न सांगता.

तुझ्यावर रागावू म्हणतेस. रागावायला बसले होते, पण तू केलं तेच मी केलं. मुंजाजीने सांगितलेलं खरं दोघींना पुरेना. तुला ते ठळक करावंसं वाटलं आणि मला दुसऱ्याच्या तोंडून हवं होतं. प्रदर्शनातून फोटो काढला म्हणतेस, तो काढू नको. खरा आहे तो लाव. खाली काय लिहायचं ते तू ठरव, पण ती पहिली ओळ लिहू नकोस.

खरा फोटो मी मुंजाजीला दाखवला. कुठला डाग कुणाचा ते सांगितलं. त्याने बोट लावलं नाही, लांबूनच पाहिला. मी हात जोडले तर म्हणाला, “असं करू नका बाई.” एवढंच.

परवा वॉल फिरवून तो दारावरून जात होता. मी ओट्यावरून हाक मारली. “या की, बसा घडीभर.” तो थांबला. चप्पल काढायला वाकला, असं मला वाटलं, पण पायातला काटा काढत होता.

“तुमी बोललाव, लय झालं बाई,” म्हणाला. “बसायचं तेवढं मनातनं गेलंय.”

आणि विहिरीकडे निघून गेला.

तुझी आत्या,
सगुणा